येण्याचा उद्देश : एका रकान्याची दोनशे वर्षे

पांढरकवड्याला तहसील कचेरीच्या बाहेर मी पंचवीस वर्षे टंकलेखनाचे दुकान चालवले. आधी रेमिंग्टन, मग संगणक. उत्पन्नाचा दाखला, वारसाचे प्रतिज्ञापत्र, विहिरीचा अर्ज, जातीचा दाखला असे हजारो कागद या बोटांखालून गेले. त्यात एक गोष्ट लक्षात आली. नाव, गाव, वय लिहिताना माणूस अडत नाही. तो अडतो ‘कारण’ किंवा ‘उद्देश’ या रकान्याशी. तिथे येऊन तो हमखास माझ्या तोंडाकडे पाहतो आणि विचारतो, “भाऊ, इथं काय लिवू?” खरे कारण त्याला ठाऊक असते. सरकारला चालेल असे कारण कोणते, हे त्याला माझ्याकडून हवे असते.

असेच एकदा उमरीकडच्या एक आजी नातवाच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. उमरी हे आमच्याच भागातले गाव, तिथल्या मिशन दवाखान्यामुळे पंचक्रोशीत माहीत असलेले. रांग मोठी होती म्हणून आजी माझ्या बाकावर टेकल्या आणि जुन्या काळातल्या गोऱ्या नर्सबाईंचे सांगत बसल्या. बाई चांगली वऱ्हाडी बोलायची, कोलामांच्या पोडावर बैलगाडीने जायची, वगैरे. शेवटी म्हणाल्या, “ते सुट्टीवर गेली अन् आलीच नाही. तिले येऊ द्याचं का नाही, हे कोन ठरवे, बाबू?”

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर कॉलेजचे तोंड पाहिले नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. परदेशी धर्मसेवकाला या देशात येऊ द्यायचे की नाही, हे कोण ठरवत आले, आणि येणारा त्या रकान्यात काय लिहीत आला? पुढची काही वर्षे सुटीच्या दिवशी नागपूरच्या ग्रंथालयांत बसून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले. अहमदनगर, सोलापूर, सातारा इथे शाळा-दवाखाने काढणारे आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ चालवणारे जे अमेरिकन मराठी मिशन वाचकांच्या परिचयाचे आहे, त्याचा हा पहिला दिवस. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याची नोंद असते. पण हे दोघे त्या दिवशी बेकायदा आले होते, इकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

झाले असे. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच जणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानात पाठवण्यात आले. दोन जहाजांतून ते कलकत्त्याला पोचेपर्यंत अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जाहीर झाले होते. म्हणजे कंपनी सरकारच्या लेखी हे पाच जण मिशनरी तर होतेच, शिवाय शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यातून १८०६ च्या वेल्लोरच्या शिपाईबंडाची दहशत अजून कंपनीच्या मनातून गेली नव्हती. धर्मात हात घातला की पलटण बिथरते, हा धडा ताजा होता. मिशनऱ्यांनी देश सोडावा, असा हुकूम निघाला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. न्यूएल मॉरिशसकडे निघाला. तिथे त्याची बायको हॅरिएट वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. हॉल आणि नॉट यांना इंग्लंडला रवाना करायचे ठरले होते. पण त्याआधीच त्यांनी मुंबईला जाण्याचा पास मिळवून ठेवला होता. एका खात्याने दिलेला पास हातात, दुसऱ्या खात्याचा हुकूम पाठीवर! दोघे मुंबईच्या जहाजात चढले. कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. डाव्या टेबलाने दिलेला कागद उजव्या टेबलाला माहीत नसतो, हे त्या काळीही होतेच.

मुंबईचा गव्हर्नर होता सर इव्हान नेपियन. स्वतः धार्मिक वृत्तीचा, लंडनच्या बायबल सोसायटीशी संबंधित. त्याला हे दोघे नकोसे नव्हते. पण कलकत्त्याहून हुकूम आला होता की यांना इंग्लंडला पाठवा. नेपियनने ते पाठवणे लांबवले. आज जहाज नाही, उद्या जागा नाही. तेवढ्या काळात हे दोघे मराठी शिकू लागले. मग त्यांचाच धीर सुटला. १८१३ च्या उत्तरार्धात ते गुपचूप एका किनारी जहाजातून कोचीनला पळाले. तिथून सिंहलद्वीप गाठायचा बेत होता. कोचीनला पकडून त्यांना परत मुंबईला आणले. नेपियनची पंचाईत झाली. ज्यांना सांभाळून घेतले तेच पळाले, आणि वर ठपका गव्हर्नरवर! डिसेंबर १८१३ मध्ये त्यांना इंग्लंडच्या जहाजात बसवायची तयारी पुरी झाली. तेव्हा दोघांनी गव्हर्नरला शेवटचे निवेदन दिले. त्यात विनवणी होती तशी तंबीही होती. आम्हाला परत पाठवाल तर ते आमच्याही आणि तुमच्याही वरच्या धन्याच्या आज्ञेविरुद्ध होईल, असा त्याचा आशय. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज टाइप केले; मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्याच देवाची आठवण करून देणारा अर्ज पाहिला नाही. अर्ज कामी आला. रवानगी थांबली आणि लंडनहून अखेर त्यांना राहू देण्याचा निर्णय झाला.

नॉट प्रकृतीमुळे लवकरच परत गेला. हॉल राहिला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत पटकीने गेला. त्याच वर्षी मिशनने मराठी ‘नवा करार’ छापून पुरा केला.

याच सुमारास लंडनमध्ये कायदा बदलत होता. कंपनीची सनद १८१३ मध्ये नवी झाली. तिच्या ३३ व्या कलमाने, हिंदी लोकांच्या धार्मिक आणि नैतिक सुधारणेसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना परवाना देण्याची वाट उघडली. संचालक मंडळाकडे अर्ज करायचा. त्यांनी नाकारला तर बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागायची. माझ्या समजुतीप्रमाणे धर्मसेवकाच्या प्रवेशाला कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली ती इथे. १८१३ पूर्वी अशी जागाच नव्हती, आणि जागा नसली की माणूस दुसऱ्या रकान्यात शिरतो.

याचा नमुना म्हणजे विल्यम केरी. मराठी वाचकाला केरी परका नाही. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) करणारा हाच. हा १७९३ मध्ये डॅनिश जहाजातून, कंपनीचा परवाना न घेता बंगालमध्ये उतरला. उघड मिशनरी म्हणून राहता येत नव्हते, तेव्हा तो निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक झाला आणि निळीचा व्यावसायिक म्हणून त्याची नोंद झाली. दिवसा नीळ, रात्री भाषांतर. पुढे १८०० मध्ये श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत गेला, तेव्हा कंपनीच्या हद्दीबाहेर पडून मोकळा झाला. केरी खोटे बोलला का? निळीचे काम तो खरेच करत होता. पण त्यासाठी तो इंग्लंडहून आला नव्हता, हेही खरे.

१८३३ च्या सनदेने जुन्या मुलखापुरती परवान्याची अटच काढून टाकली. मग पाऊणशे वर्षे दार जवळजवळ सताड उघडे होते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट या अमेरिकन पंथाचे लोक या बाजूला आले, यवतमाळला ठाणे केले. त्यांना ‘का आलात’ असे विचारणारे टेबल नव्हते. या काळाबद्दल मला अधिक सांगण्यासारखे नाही. दार उघडे असले की कागद तयार होत नाही, आणि माझ्यासारख्याला कागदावाचून गती नाही.

पहिल्या महायुद्धाने दार पुन्हा लागले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी उभारले त्या जर्मन जेझुइट पाद्र्यांवरही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेची आणि मायदेशी रवानगीची वेळ आली. जर्मन नागरिकांची मोठी छावणी होती अहमदनगरला. युद्धानंतर नवी अट आली. बिगरब्रिटिश मिशनऱ्यांनी, त्यांच्या संस्थेमार्फत, प्रस्थापित सरकारचा आदर राखू आणि राजकारणात पडणार नाही, अशी हमी द्यायची. म्हणजे धर्माचे काय ते करा, स्वराज्याच्या गोष्टी करू नका.

या हमीची झळ ब्रिटिश माणसालाही कशी लागली, याचे उदाहरण व्हेरिअर एल्विन. हा १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधीजींच्या सहवासात गेला, खादी वापरू लागला. १९३२ च्या आरंभी त्याने मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये मुक्काम टाकला. त्याच वर्षी प्रकृतीसाठी इंग्लंडला गेला, आणि परतीचा पासपोर्ट अडला. चळवळीत भाग घेणार नाही, गोंडांमधल्या कामापुरते राहीन, असे लिहून दिले तेव्हाच त्याला येता आले. इंग्रजाला इंग्रजांच्याच राज्यात परत येण्यासाठी हे लिहून द्यावे लागले! पुढे एल्विनने पाद्रीपण सोडले, स्वतंत्र भारताचे नागरिकत्व घेतले आणि आदिवासींचा अभ्यासक म्हणून नाव कमावले. आमच्या केळापूर तालुक्यात गोंड आणि कोलाम दोन्ही समाज आहेत, त्यामुळे त्याची पुस्तके मी जरा आपुलकीने वाचली आहेत.

आता आमच्या जिल्ह्याच्या अंगणात येतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत यवतमाळ जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. रविशंकर शुक्लांच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. समितीत एकच ख्रिस्ती सदस्य, वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज, गांधीवादी असल्यामुळे अनेक ख्रिस्ती मंडळींना ते आपले प्रतिनिधी वाटत नव्हते. समिती १४ जिल्ह्यांत फिरली, त्यात यवतमाळ होता. ७७ केंद्रे पाहिली, ११,३६० लोकांना भेटली, ९९ प्रश्नांची प्रश्नावली वाटली. अहवाल १९५६ मध्ये नागपूरला छापून निघाला. त्यातली एक प्रमुख शिफारस अशी, की ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावे.

हा अहवाल वाचताना माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. दवाखान्यातली खाट किंवा वसतिगृहातली जागा आणि धर्म यांची सांगड घातली जात असेल, तर गरिबाची संमती किती खरी, हा प्रश्न समितीने विचारला तो रास्त होता. पोडावरच्या माणसाला ‘स्वखुशीने’ या शब्दाखाली अंगठा देताना मी पाहिले आहे. त्या अंगठ्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. पण ‘मुख्य हेतू’ ठरवायचा कुणी? उमरीच्या आजींना विचारले तर त्या म्हणतील, बाईचा मुख्य हेतू बाळंतपणे सोडवणे हा होता. बाईला विचारले असते तर कदाचित ती म्हणाली असती, येशूची साक्ष देणे. दोघीही खरेच बोलल्या असत्या. रकान्यात मात्र एकच उत्तर मावते.

केंद्र सरकारने नियोगींचा अहवाल निघण्याआधीच, १९५५ मध्ये, स्वतःचे धोरण ठरवून टाकले होते. नव्याने येणाऱ्या परदेशी मिशनऱ्याकडे विशेष पात्रता किंवा अनुभव हवा, आणि त्या कामासाठी योग्य भारतीय माणूस मिळत नसला पाहिजे. कॉमनवेल्थ देशांतल्या मिशनऱ्यांनाही या धोरणाखाली आणले. कोरड्या भाषेतल्या या दोन अटींनी भारतातल्या मिशनचा चेहरा बदलला. नुसता उपदेशक येणे अवघड झाले. शल्यचिकित्सक, परिचारिकांची शिक्षिका, कुष्ठरोगाचा तज्ज्ञ येऊ शकत होता. केरी निळीवाला झाला तसा हा डॉक्टर झाला, फरक एवढाच की डॉक्टरकी त्याला यायलाच हवी होती. दुसरीकडे, ‘भारतीय माणूस मिळत नाही’ हे दरवर्षी सिद्ध करण्यापेक्षा भारतीय माणूस तयार करणे शहाणपणाचे ठरले. यवतमाळला आधीच्या मराठी बायबल शाळेतून १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. तिथून भारतीय पाळक आणि अध्यापक तयार होत गेले.

इथे राज्यघटनेतली एक गंमत सांगितली पाहिजे. भाषण, संचार, वास्तव्य यांची स्वातंत्र्ये देणारे १९ वे कलम ‘नागरिकां’ना उद्देशून आहे. धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देणारे २५ वे कलम ‘सर्व व्यक्तीं’ना. म्हणजे परदेशी माणसालाही धर्मप्रसाराचा हक्क आहे. मात्र त्यासाठी इथे राहण्याचा हक्क नाही. लुई डी रेड्ट या बेल्जियन मिशनऱ्याने हे सर्वोच्च न्यायालयात अजमावून पाहिले. ते १९३७ पासून भारतात होते. ऐंशीच्या दशकात मुदतवाढ नाकारून त्यांना देश सोडायला सांगितले. इतक्या वर्षांच्या वास्तव्याने आपण घटनेच्या आरंभीच भारतीय नागरिक झालो, असा त्यांचा दावा होता. १९९१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. नुसते राहणे पुरेसे नाही, इथेच कायमचे राहण्याचा इरादा सिद्ध व्हायला हवा, आणि परदेशी व्यक्तीला देशात वास्तव्य करण्याचा मूलभूत हक्क नाही. चोपन्न वर्षे राहिलेल्या माणसालाही पुन्हा तोच प्रश्न: येण्याचा उद्देश काय होता?

याउलट घडलेली गोष्ट आमच्या विदर्भातलीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी हे जन्माने ब्रह्मदेशाचे. ते भारतात आले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. १९३७ मध्ये तो वेगळा झाला. म्हणजे दीक्षाभूमीच्या इतिहासातला तो थोर भिक्खू कोणत्याही परवान्यावाचून या देशात आला होता. दहाएक वर्षांनी, १९६० च्या दशकात, जपानहून भदंत सुरई ससाई आले आणि नागपूरला राहिले. मुदत संपून गेली तरी ते राहिलेच. त्यांना देशाबाहेर काढण्यासाठी खटला झाला, तो १९८७ मध्ये फेटाळला गेला आणि त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. पुढे ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य झाले. डी रेड्ट आणि ससाई, दोघेही परदेशी, दोघेही धर्मासाठी आलेले, दोघांचीही मुदत संपलेली. एकाला जायला सांगितले गेले, एक आमचा झाला. ससाईंच्या मागे विदर्भातला बौद्ध समाज उभा होता. दरवर्षी आमच्या गावातून भरून जाणाऱ्या गाड्यांतल्या माणसांना त्यांच्या पासपोर्टशी काही देणेघेणे नव्हते.

शेवटचा कागद २०२० चा, आणि गाव पुन्हा अहमदनगर. टाळेबंदीच्या दिवसांत तबलिगी जमातीचे २९ परदेशी लोक तिथे होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतले. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार केला, असा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी गुन्हे रद्द केले. पर्यटक व्हिसावर धर्मस्थळांना भेट देण्यास आणि धार्मिक प्रवचनांना बसण्यास मनाई नाही, हे न्यायालयाने नियमांच्या पुस्तकातूनच दाखवले. ऐकणे चालते, सांगणे चालत नाही. मशिदीत गोल करून बसलेल्यांत ऐकणारा कोण आणि सांगणारा कोण, हे पंचनाम्यात कसे लिहायचे, याचा विचार मी व्यवसायाच्या सवयीने बराच वेळ केला.

आज भारताचा स्वतंत्र मिशनरी व्हिसा आहे. तो घेणाऱ्याने धर्मांतराचे काम करणार नाही, असे लिहून द्यायचे असते. आमच्यासारख्या जिल्ह्यात परदेशी माणसाची नोंदणी पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयात होते.

गेल्या वर्षी दुकानात एक तरुण गुरुजी आले. वेदपाठशाळेत शिकलेले, आमच्याच तालुक्यातले. अमेरिकेतल्या एका देवळाने त्यांना बोलावले होते. तिथे यासाठी ‘आर-१’ नावाचा व्हिसा आहे, १९९० च्या कायद्याने आलेला. अर्ज देवळाने करायचा. माणूस किमान दोन वर्षे त्याच संप्रदायाचा असला पाहिजे. देऊळ खरेच आहे का, तिथे खरेच पूजा होते का, हे पाहायला अधिकारीही येऊ शकतो. गुरुजींना गावच्या देवस्थानाकडून दोन वर्षांचा दाखला हवा होता आणि देवस्थानाकडे लेटरहेडसुद्धा नव्हते. आधी ते तयार केले. मग पेच आला संप्रदायाचा. आमच्याकडे देवळात येणाऱ्याचे नाव कुठे लिहून ठेवत नाहीत, वर्गणीची पावतीही गणपतीतच फाडतात. सदस्यत्व दाखवायचे कशाने? गुरुजी म्हणाले, “जन्मापासूनच आहे की.” हॉल-नॉटच्या देशाला हे कसे सांगावे, यावर आम्ही दोघे चहा घेत तासभर बसलो.

शेवटी नित्यपूजा, अभिषेक, सत्यनारायण, नवरात्रातले पाठ, दर महिन्याची संकष्टी असे सगळे तारीखवार लिहून काढले. पाच पाने झाली. मुंबईला मुलाखतीत काय विचारतील म्हणून गुरुजींना धास्ती होती. मी म्हटले, एकच विचारतील, कशासाठी जाता?

“पूजा सांगायला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “अन् पगारही बरा आहे. तेही सांगू का?”